चादरीचं दुसरं टोक

हॉस्पिटलच्या धुलाईघरात काकू कित्येक वर्षं चादरींच्या घड्या घालत होती. वाळलेली चादर दोघींनी चार कोपऱ्यांना धरायची, एक झटका द्यायचा आणि टोकाला टोक जुळवत एकमेकींकडे चालत यायचं. काकूची जोडीदारीण ठरलेली. तिला सगळे बडबडी म्हणत, कारण हात चालू असेपर्यंत तिचं तोंड थांबत नसे. दोघींचा हात असा बसला होता की मान वर न करता घड्या पडत.

एक दिवस हॉस्पिटलच्या मोठ्या बाई पाहणीला आल्या. चादरी वॉर्डात ओलसर का येतात, असं त्यांनी विचारलं. काकूने खरं सांगून टाकलं, धुलाईघराचे मुकादम ड्रायर वेळेआधी बंद करायला लावतात. झालं. मुकादमाने डूख धरला.

त्याने आरडाओरडा केला नाही, तेवढा तो हुशार होता. काकूंना सगळं कळतं, त्या एकट्याच पुरेशा आहेत, असं हसत म्हणाला आणि बडबडीला दुसऱ्या टेबलावर पाठवलं. आता एक टोक हनुवटीखाली धरून काकू एकटीच झटायची. घडी वाकडी पडायची. ती सगळ्यांसमोर उलगडून मुकादम विचारायचा, "काय काकू, डोळे गेले की हात?"

बाया हसायच्या. हसू येत नव्हतं त्याही हसायच्या, कारण पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? चहाच्या वेळी काकू आली की बाकावर जागा उरलेली नसे, आणि बडबडी कपात बघत बसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्याहून वाईट म्हणजे काकूला ते पटायला लागलं. ज्या हातांचा तिला अभिमान होता तेच आता कामातून गेले, असं तिच्या मनाने घेतलं. महिनाअखेर काम सोडायचं तिने ठरवलं.

सुट्टीच्या दिवशी ती घरची चादर घडी करत होती, तीही हनुवटीखाली धरून. नवरा तीनदा सांगितल्याशिवाय काडी इकडची तिकडे न करणारा. पण त्या दिवशी आपणहून उठला आणि त्याने दुसरं टोक उचललं.

काकू दचकली. "नको, सोडा ते. तुम्हाला बोलणी बसतील."

"कोणाची?"

घरात दोघंच होती. आपण काय बोललो ते काकूच्या लक्षात आलं आणि ती पलंगावर बसून ढसाढसा रडली. मग सगळं सांगितलं. नवऱ्याने ऐकून घेतलं.

"अगं, एवढी मोठी चादर एकटीने धरली तर वाकडी पडणारच," तो म्हणाला. "यात तुझे हात कुठे आले?"

दुसऱ्या दिवशी काकू मोठ्या बाईंपुढे उभी राहिली. मुकादम वाईट आहे, असं ती म्हणालीच नाही. दुसरं टोक धरायला मला माणूस देत नाहीत आणि वाकड्या घडीवरून रोज सगळ्यांसमोर माझं हसं करतात, एवढंच तिने सांगितलं. बाई तिच्याबरोबर खाली आल्या. मुकादम म्हणाला, थट्टा होती, काकूंनी उगाच मनाला लावून घेतलं. बाईंनी सगळ्यांना विचारलं. कोणी ब्र काढला नाही. काकूला वाटलं, संपलं.

मग बडबडी पुढे आली. शब्द शोधायची वेळ तिच्यावर जन्मात पहिल्यांदाच आली असावी. "मला सांगितलं होतं, तिचं टोक धरायचं नाही म्हणून," ती म्हणाली. "आणि मी धरलं नाही."

मुकादमाला सक्त ताकीद मिळाली. त्याचं बोलणं थांबलं, रागाने बघणं थांबलं नाही; सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बडबडी जुन्या जागी आली. पहिल्याच चादरीला तिच्या हातातून कोपरा सुटला.

"चुकलं माझं," ती खालच्या मानेने म्हणाली.

इतके दिवस कुठे होतीस, हा प्रश्न काकूच्या ओठांवर तयार होता. तिने तो गिळला.

"नीट धर," काकू म्हणाली. "आणि बोल काहीतरी. फार दिवस झाले."