नळी जमिनीला टेकली नाही

फ्योदोर कबातॉफ एकतीस हिवाळे बर्फ मोजायला डोंगरावर गेला. नुसती खोली नव्हे, तो बर्फाचं वजनही करायचा. नव्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग विचारतो, वजन करून काय करणार, विकणार? विकायचं कसलं! आमच्या खोऱ्यात पाऊस बेताचाच. नदीला येतं ते सगळं वरून वितळून येतं, आणि तेही मे महिन्याच्या दोन-तीन आठवड्यांत. वर किती पाणी गोठून बसलंय हे आधी कळलं, तर खाली तिखोये गावात कुणी आपलं सामान माळ्यावर चढवायचं आणि कुणी निवांत बटाटे लावायचे, हे ठरवता येतं.

त्याची हत्यारं म्हणजे एक ॲल्युमिनियमची नळी आणि एक ताणकाटा. नळीचे पाच तुकडे होते, प्रत्येक साधारण पाऊण मीटरचा. ते एकात एक पिळून जोडायचे. टोकाला करवतीसारखे दात. नळी बर्फात उभी खुपसायची, पिळत पिळत खाली न्यायची. जमिनीला टेकली की हाताला ठक्क असं लागतं. मग वर काढायची आणि टोक बघायचं. दातांत माती, गवत, एखादं पाइनचं सुईसारखं पान अडकलेलं असलं, तर तळ लागला. ती माती म्हणजे साक्षीदार. माती नसेल तर तो आकडा धरायचा नाही, असा नियम. मग माती खरवडून नळी काट्याला लटकवायची, वजनावरून पाण्याचा हिशेब काढायचा. अशा दहा जागा डोंगरावरच्या खालच्या मैदानात, दहा वरच्या. आकडे शहरातल्या पूर-कचेरीला फोनवर कळवायचे. कचेरी त्यावरून कागद काढणार: बर्फ सरासरी, की कमी, की जास्त. तो कागद आमच्या दुकानाच्या दाराला चिकटायचा.

हे काम त्याला मिळालं त्याचीही गंमत आहे. आमच्या लोकांचे आजे-पणजे रशियातून इथे कॅनडाच्या डोंगरांत आले, ते बंदूक नको आणि शपथ नको म्हणून. शपथ आम्ही अजूनही घेत नाही. हो तर हो, नाही तर नाही, आणि जे बघितलं नाही त्याबद्दल तोंड मिटून. कचेरीच्या साहेबाने फ्योदोरपुढे कागद सरकवला, "मी खरे मोजीन अशी शपथ घेतो, इथे सही करा."

फ्योदोर म्हणाला, "मी खरंच मोजणार आहे. शपथ घेतली तर जास्त खरं मोजीन काय?"

साहेबाने डोकं खाजवलं. मग शपथेची ओळ खोडली आणि बाजूला लिहिलं, 'शपथ घेत नाही, माणूस खरा आहे.' हा किस्सा फ्योदोर दर लग्नात सांगायचा. आम्हीही दर लग्नात हसायचो.

त्याची बहीण लुकेरिया, आम्ही तिला लूशा म्हणायचो, ती त्याला फेद्या. त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. नदीच्या वळणावर बापाने स्वतःच्या हाताने बांधलेल्या घरात एकटी राहायची. नवरा गेलेला, मुलं दूरच्या शहरांत. तिच्या तळघरात कापडी पुरचुंड्यांमध्ये बियाणं टांगलेलं असे. टोमॅटो, कोबी, बीट, भोपळा. आईकडून आलेलं, आईला तिच्या आईकडून आलेलं. गावातल्या निम्म्या बागा त्या पुरचुंड्यांतून उगवल्या होत्या. बोर्श्तमध्ये, म्हणजे आमच्या बीट-कोबीच्या सुपात, लोणी किती घालायचं यावरून तिचं आणि फ्योदोरचं दर रविवारी भांडण व्हायचं, आणि दर रविवारी तो तिच्याकडेच जेवायचा. फ्योदोरचं स्वतःचं घर टेकडीवर होतं. पूर आला तर आपल्यात बुडेल ते तिचंच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सगळी मोजणी तो गावासाठी करायचा, पण डोळ्यांपुढे ते एकच घर असायचं.

आता एक आधीची गोष्ट सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्या वर्षी वर बर्फ भरपूर होतं. कागदावर आकड्यांखाली 'शेरा' म्हणून एक ओळ असते. तीत फ्योदोरने लिहिलं, 'इतकं बर्फ मी आजवर पाहिलं नाही.' कचेरी हादरली. गावात वाळूची पोती आली. लोकांनी चुली, शिलाईयंत्रं, लोणच्याच्या बरण्या, सगळं टेकडीवर वाहून नेलं. लूशाने तीन दिवस घर उपसलं. आणि मे महिना असा गार गेला की बर्फ थेंबाथेंबाने उतरलं. नदीने काठ ओलांडला नाही. लावणी मात्र दोन आठवडे मागे पडली, आणि त्या वर्षीचे टोमॅटो हिरवेच राहिले.

तेव्हापासून त्याचं नाव पडलं कोरडा फ्योदोर. दुकानात गेला की कुणीतरी विचारणार, "काय फ्योदोर, छत्री आणू का होडी?" लग्नात त्याने शपथेचा किस्सा सुरू केला की मागून आवाज यायचा, "शपथ घेत नाही, पण घाबरवतो फुकट!" तो हसून घ्यायचा. एकटी लूशा त्याला काही बोलली नाही. कंबर धरून एवढंच म्हणाली, "चला, निदान घर झाडून झालं."

मग तीन वर्षांनी ते पुराचं साल आलं. शरद ऋतूतच कचेरीचा कागद दाराला लागला: येता हिवाळा उबदार आणि कोरडा, बर्फ सरासरीपेक्षा कमी, पुराचा धोका कमी. मार्चपर्यंत तसंच झालं. एक एप्रिलला वरच्या मैदानात पावणेदोन मीटर बर्फ होतं. तीन तुकडे पुरले. फ्योदोर एकाहत्तर वर्षांचा, उजवा गुडघा गेलेला. उरलेले दोन तुकडे त्याने ओझं नको म्हणून गोठ्यात खिळ्याला टांगून ठेवले. एप्रिलमध्ये गावात पाऊस झाला, तोही भुरभुर. तोच पाऊस वर तीन आठवडे बर्फ होऊन पडत होता.

एक मेला तो आणि ग्लेन मॅडॉक्स वर गेले. ग्लेन म्हणजे लाकूडगिरणीतून निवृत्त झालेला त्याचा शेजारी. आमच्यातला नव्हे, पण बोर्श्त आमच्यापेक्षा जास्त खायचा. खालच्या मैदानात बर्फ नेहमीसारखं भरलं, सरासरी. वरच्या मैदानात फ्योदोरने नळी खुपसली. पिळली. तिन्ही तुकडे आत गेले, त्याची मूठ बर्फाला लागली, तरी ठक्क झालं नाही. वर काढली. टोक पांढरंशुभ्र.

दुसरी जागा, तिसरी, दहाही जागा. दातांत मातीचा कण नाही.

"तळ चोरीला गेला काय रे?" ग्लेन म्हणाला. मग त्याचं हसू गेलं. "म्हाताऱ्या, उरलेले दोन तुकडे कुठायत?"

"गोठ्यात."

"मग लिही अंदाजे. अजून हातभर असेल, नाहीतर दोन हात."

"जे बघितलं नाही ते कसं लिहू?"

"शेऱ्यात लिही. नळी पुरली नाही, बर्फ राक्षसासारखं आहे. हे तर बघितलंस ना?"

फ्योदोरने पेन्सिल काढली. शेऱ्याच्या ओळीवर टेकवलीसुद्धा. मग त्याला दुकानातलं ते छत्री आणि होडीचं ऐकू आलं असणार. पेन्सिल त्याने खिशात घातली.

"उद्या पुन्हा येऊ," ग्लेन म्हणाला, "पाचही तुकडे घेऊन."

"दुसऱ्यांदा वर गेलो की गावात लगेच सुरू होईल, कोरडा फ्योदोर पुन्हा पिसाळला म्हणून. पंधरा तारखेला आहेच की मोजणी."

संध्याकाळी त्याने कचेरीला फोन केला. पलीकडे डार्लीन नावाची बाई, बारा वर्षं त्याचे आकडे लिहून घेणारी.

"वरचं मैदान?"

"नळी टेकली नाही."

"म्हणजे मोजलं नाही?"

"मोजलं. टेकली नाही."

"मग मी रकाना कोरा ठेवते. शेरा काही?"

फ्योदोर खिशातली पेन्सिल चाचपत राहिला. डार्लीनने विचारलं, "आहात ना?"

"आहे," फ्योदोर म्हणाला. "शेरा नाही."

कोऱ्या रकान्याला कचेरी तरी काय करणार? तिने खालच्या मैदानावरून कागद काढला: बर्फ सरासरी, पुराचा धोका बेताचा. कागद दाराला लागला आणि लोक बटाट्यांकडे वळले.

रविवारी फ्योदोर जेवायला गेला तेव्हा लूशा वाफ्यात गुडघे टेकून बसली होती.

"फेद्या, या वर्षी सामान उचलू का रे?"

"कागदावर सरासरी लिहिलंय."

"कागद मीही वाचला, मला अक्षरं येतात. मी तुला विचारतेय. वर उभा होतास तेव्हा तुला भीती वाटली का?"

तो हसला. "लूशा, भीतीचा रकाना नसतो."

"नसतो तर नसतो बापडा," ती म्हणाली. "मग मी बीट लावते. तू आत जाऊन बोर्श्त ढवळ, आणि लोण्याला हात लावशील तर बघ."

दुसऱ्या दिवसापासून ऊन असं पेटलं की जणू जुलै. चार दिवस तीस अंश. आणि त्यावर शुक्रवार-शनिवार धो धो पाऊस, वरपर्यंत पाऊस, बर्फावर पाऊस. कचेरीने शनिवारी संध्याकाळी इशारा काढला, पण दुकान बंद होतं. दाराला सरासरीवालाच कागद.

रविवारी सकाळी प्रार्थनाघरात आम्ही उभे होतो, पुरुष एका बाजूला, बायका समोर, मध्ये टेबलावर पाव, मीठ आणि पाण्याचा जग. स्तोत्र अर्ध्यात होतं. दाराजवळच्या कुणीतरी खाली बघितलं तर पायरीवर पाणी. फ्योदोरने समोरच्या रांगेत बघितलं. लूशाची जागा रिकामी.

तो धावला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, तो गुडघा घेऊन. ग्लेनने मासेमारीची होडी आधीच पाण्यात घातली होती. लूशा स्वयंपाकघराच्या टेबलावर उभी होती, टोमॅटोच्या रोपांची खोकी छातीशी धरून. पाणी टेबलाच्या फळीला लागलेलं. खिडकीतून तिला ओढताना खोकी सुटली. रोपं तिच्याभोवती तरंगत राहिली.

"तळघर," ती म्हणत होती. "फेद्या, पुरचुंड्या तळघरात आहेत."

"असू दे."

"तुला बघता येतील का रे?"

तळघर छतापर्यंत बुडालं होतं. त्याने होडी वळवली.

माणूस एकही गेलं नाही, हे खरं. अडतीस घरं गेली. बापाने बांधलेलं घर पायावरून सुटलं, वीस पावलं चाललं आणि पॉपलरच्या झाडांना टेकून बसलं, दार आभाळाकडे करून.

गावाने फ्योदोरला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कुणी दिल्या नाहीत. कोरडा फ्योदोर म्हणणंही थांबलं. दुकानात लोक म्हणायचे, "बिचाऱ्याने मोजलं होतं, पण नळीच टेकली नाही. काय करणार?" कचेरीकडून पत्र आलं: खात्री नसलेला आकडा न देता आपण रकाना कोरा ठेवलात, हे नियमाला धरून होते, आभारी आहोत. त्याने ते पत्र ग्लेनला वाचायला दिलं. ग्लेनने वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

लूशा उन्हाळाभर त्याच्या मागच्या खोलीत राहिली. बोर्श्तवरून भांडली नाही. तो वाढेल ते खायची. एकदा ताटावरून मान वर न करता म्हणाली, "मला आकडा नको होता, फेद्या. मी भीतीबद्दल विचारलं होतं. तेवढं तुला माहीत होतं."

त्याने तिच्या ताटात पाव ठेवला. खोटं तर त्याला बोलता येत नव्हतं.

थंडीच्या सुरुवातीला ती पडली, खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून तिला मुलांनी खालच्या शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. तिच्या खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. फ्योदोर दर गुरुवारी बरणीत बोर्श्त घेऊन जायचा. आत घातलेला कोबी दुकानातला, बीट दुकानातलं.

पुढचा एक मे आला. त्या हिवाळ्यात वर बर्फ असं नव्हतंच. फ्योदोर पाचही तुकडे पाठीला बांधून निघाला. ग्लेन म्हणाला, "अरे, कमरेएवढं बर्फ आहे, दोन तुकड्यांत काम होईल. गुडघ्याची तरी दया कर." फ्योदोरने ऐकलं नाही. वर जाऊन त्याने पाचही जोडले. पावणेचार मीटरची नळी हातात धरून म्हातारा डुलत होता, पावलागणिक तोल जात होता. दहाही जागी ठक्क झालं. दहाही जागी दातांत काळी माती.

गुरुवारी तो वृद्धाश्रमात गेला. लूशा खिडकीशी बसली होती. त्याने बरणी उघडली, चमचा तिच्या हातात दिला.

"वर किती आहे?" तिने विचारलं. वर्षभरात पहिल्यांदाच.

"कमरेएवढं."

"टेकली नळी?"

"टेकली. पाचही तुकडे नेले होते."

"हं," ती म्हणाली. एक घोट घेतला, बरणीत बघितलं. "लोणी कमी पडलंय."

तो पटकन पुढे वाकला. एवढ्या दिवसांनी तिने भांडण काढलं, असं त्याला वाटलं. "पुढच्या वेळी जास्त घालतो. तू सांग किती घालू."

तिने चमचा बरणीत ठेवला आणि तोंड पुन्हा खिडकीकडे केलं.

"घाल तुझ्या अंदाजाने," ती म्हणाली.