वहीतले चार आकडे

त्या वहीतले चार आकडे खोटे होते आणि ते मी लिहिले होते. हे कबूल करायला मला दीड वर्ष लागलं.

२००५ साली मी आर्नहेमला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करत होतो. शेजारी सत्तरीचे एक डच गृहस्थ राहत. मी त्यांना काका म्हणायचो. अर्थ सांगितल्यावर त्यांना तो शब्द आवडला होता. त्यांची बायको दुसऱ्या गावच्या वृद्धाश्रमात होती. ती कुणालाच ओळखत नसे, तरी काका रोज दुपारी गाडी चालवत तिच्याकडे जात आणि नाशपाती सोलून तिला भरवत. शनिवारची सकाळ तेवढी नेमबाजीची. लागणारी काडतुसं ते रीतसर परवान्यावर बागेतल्या शेडमध्ये स्वतः भरत. काडतुसं भरायच्या यंत्राचं, म्हणजे प्रेसचं, हँडल ओढायला मी बसे.

हँडल एकदा खाली-वर केलं की प्रेसच्या गोल ताटलीवरची काडतुसाची प्रत्येक रिकामी पुंगळी एक घर पुढे सरके. एका घरात पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, पडे, पुढच्यात गोळी बसे, शेवटी काडतूस तयार. अवघड होतं ते पावडर दर वेळी सारखी पडणं. काका म्हणत, ते यंत्राच्या नाही, आपल्या हातात आहे. पावडरचं नळकांडं निम्म्याखाली जाऊ द्यायचं नाही. हँडल एकाच लयीत, पार टोकापर्यंत. मध्येच थांबलं तर ताटली रिकामी करून पुन्हा सुरुवात. दर दहाव्या पुंगळीतली पावडर तराजूवर मोजायची आणि आकडा वहीत लिहायचा. गोळी ठेवण्याआधी पुंगळीत डोकावून पाहायचं काम त्यांचं.

त्या दिवशी ते कॉफी करायला घरात गेले. मी येईपर्यंत थांब, असं सांगून गेले होते. मी थांबलो नाही. गोळ्याही मीच ठेवू लागलो. तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन आला. हँडल अर्ध्यात सोडून मी तो घेतला, आणि बोलता बोलता हँडल तिथूनच मागे फिरवून काम पुढे चालू ठेवलं. ताटली रिकामी केली नाही, पुंगळीत डोकावलो नाही. तराजूकडे तर वळलोही नाही. ऑफिसात रिलीजच्या घाईत न चालवलेल्या टेस्टपुढे आम्ही 'पास' लिहीत असू. तसेच चार आकडे वरच्या आकड्यांशी जुळवून लिहिले. काका कॉफी घेऊन आले, वहीकडे बघून म्हणाले, छान चाललंय. मी थांबलो नव्हतो हे त्यांना कळलं नाही, मी सांगितलंही नाही.

पुढच्या शनिवारी क्लबात त्यांचा एक बार नुसता फुसकन निघाला. कान झाकलेले होते. त्यांना कळलं नाही. आधीची गोळी नळीत अडकलेली असताना त्यांनी पुढचा बार काढला आणि पिस्तुलाची नळी फुगली. त्यांना खरचटलंही नाही. घरी येऊन त्यांनी वही उघडली. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचली.

"वही बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणजे पावडर कमी असलेली पुंगळी माझ्यासमोरून गेली आणि मला दिसली नाही."

त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"होतं असं कधी कधी, काका," मी म्हणालो.

महिन्याभरात त्यांनी परवाना परत केला, प्रेस विकली. मग गाडीची किल्लीही मुलीकडे दिली. ज्याला हातातली पुंगळी दिसत नाही त्याला रस्त्यावरचं पोर काय दिसणार, म्हणाले. बायकोकडे जायला दोन बस बदलाव्या लागत. आठवड्यातून दोनदाच जमे. मी खिडकीतून त्यांना पिशवीत नाशपाती घेऊन थांब्याकडे जाताना बघायचो. गाडी होती माझ्याकडे. कधी सोडतो म्हणालो नाही, कारण शेजारी बसून बोलावं लागलं असतं.

फेब्रुवारीत त्यांची बायको गेली. बसने जायचा वार नव्हता तो. अंत्यविधीनंतर माझा हात धरून ते एवढंच म्हणाले, की शेवटी जवळ कुणी नव्हतं.

त्यानंतरही मी वर्षभर गप्प राहिलो. मग एका रविवारी, आधी न विचारता, त्यांची बेल वाजवली. इथे असं कुणी कुणाकडे जात नाही. त्यांनी दार उघडलं आणि आत ये म्हणाले. मी पायपुसण्यावरच उभा राहिलो. आठवडाभर पाठ केलेली डच वाक्यं होती, ती तुटकपणे म्हणालो.

"काका, पावडर कमी पडली ती माझ्या हातून. वहीतले आकडे मी न मोजता लिहिले. ती पुंगळी तुमच्यासमोर आलीच नव्हती. तुमचे डोळे चांगले होते. मला माफ करा."