लाल डबा कुठे बसवायचा

रुपया टाकून फोनच्या लाल डब्यावर बोलायचे ते दिवस. जालन्यात आमच्या गल्लीत तो डबा आला, तेव्हा माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं. नवरा मोंढ्यात एका धान्याच्या अडतीवर कामाला होता आणि घरी येऊन मला मारायचा. माझं माहेर जाफराबादकडच्या एका खेड्यात. तिथे मला पाठवायचे ते त्याच्यासोबत, आणि त्याच्याचसोबत परत आणायचे. आईला मला एवढंच सांगायचं होतं, की हा मारतो, मला घेऊन जा. पण तेवढं सांगण्यापुरतीही मी तिच्याजवळ कधी एकटी नसायचे. म्हणून कंपनीचा माणूस काखेत डबा धरून 'कुठं बसवू' असं विचारत गल्लीत शिरला, तेव्हा मला रडू फुटायचं बाकी राहिलं होतं.

गल्लीतली शहाणी माणसं आमच्याच ओट्यावर जमली. किराणा दुकानात नको, तिथे रिकामटेकडे उभे असतात. देवळाच्या भिंतीला नको, पोरं नाण्याच्या फटीत काड्या घालतील. मी चहा घेऊन दाराआड उभी होते. मला हवी होती पिठाची गिरणी. सुनांना एकटीने जाऊ देत अशी गल्लीत तेवढी एकच जागा होती आणि गिरणीवाला तयारही होता. पण त्याचं नाव कुणी घेईना. शेवटी मला राहवलं नाही. कप पुढे करता करता बोलून गेले, "गिरणीवर बराबर राहील."

सासूने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती कंपनीवाल्याला म्हणाली, "ऐका साहेब. आमच्या सूनबाईला गिरणीच्या आवाजात बोलायचंय. असं काय बोलायचंय, इचारा की तिला."

माणसं खो खो हसली. माझा नवरा सगळ्यात मोठ्याने हसला.

"इथंच ठोका," सासू म्हणाली. "मी दिवसभर बसेलच राहते. कोण हात लावतंय ते बघते."

असा राखणदार फुकटात कुठे मिळणार? भिंतीला भोकं पाडली, डबा टांगला, नारळ फोडला. त्या संध्याकाळी जेवता जेवता नवऱ्याने ताट बाजूला सारलं आणि माझ्या कानाखाली वाजवली. "गिरणी पायजे का तुला, गिरणी?" असं विचारत होता. सासूने त्याला आणखी एक भाकरी वाढली.

डब्याखाली ती तूर निवडत बसायची. सगळ्या गल्लीच्या सुनांनी आपापल्या आयांशी तिच्यासमोर बोलायचं. शेजारची एक पोरसवदा सून फोनवर रडली, तर हिने तिच्या रडण्याची नक्कल आठवडाभर बायकांना करून दाखवली, नाक ओढण्यासकट. खोटं कशाला बोलू, नक्कल झकास होती. मीही हसले.

माझ्या फोनला तर ती मजकूरही पुरवायची. "साडी घेतली म्हून सांग की." मी सांगायचे. "तब्येत सुधारली म्हून सांग." मी सांगायचे. पलीकडे भावाच्या नव्या मोबाइलवर आई म्हणायची, "ऐकून बरं वाटलं माय." म्हाताऱ्या सासूचा मला इतका संताप यायचा, की तिच्या निवडलेल्या तुरीत खडे टाकावेत असं वाटायचं. दोन-चारदा टाकलेही.

मग रामनवमीला ती गल्लीतल्या बायकांबरोबर जीप करून जांब समर्थला रामाच्या दर्शनाला गेली. नवरा मोंढ्यात. उन्हाने गल्ली ओस पडली होती आणि ओट्यावर कुणीच नव्हतं. मी रुपया टाकला. आईनेच फोन उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं. हा मारतो. पट्ट्याने मारतो. सासू समोर बसून बघते. माझी पाठ येऊन बघ. दादाला पाठव, आजच पाठव.

"आई, ऐकून राह्यलीस ना?"

"तिथं जवळ कोणी हाय का गं?"

"कोणीच न्हाई. सासूबाई जांबला गेल्यात. म्हून तर बोलून राह्यले."

"तरीच," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मी लहानपणी तापात बरळले, की ती अशीच बोलायची. "अशी एकटी असताना नको करत जाऊ फोन. नाही नाही ते सुचतं मंग. तुह्या सासूबाई जवळ असल्या की किती छान बोलतीस तू. मी इथं सगळ्यांना सांगते, लेक सुखात हाय म्हून. तसाच फोन करत जा माय."

पुढच्या आठवड्यात मी परत फोन लावला. सासू शेजारी बसली होती. मी म्हणाले, सगळं बरं आहे.

"बघ," आई म्हणाली, "आता कशी बोललीस."