शेल्यावरची बोटं

ताई गेली त्याला महिना झाल्यावर आईने तिचा लग्नातला शेला बाहेर काढला. नेरे गावी, सासरच्या विहिरीवर ताईचा पाय घसरला, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं होतं. शेला पांढऱ्या रेशमाचा. पाठवणीच्या वेळी टेम्पोच्या धुळीत खराब व्हायला नको म्हणून आईने तो ताईकडून काढून घेतला होता आणि घडी घालून आमच्या पनवेलच्या खोलीत ट्रंकेत ठेवला होता. वर्षभर त्याला कुणी हात लावला नव्हता. आता घडी उलगडली, तर काठाशी तपकिरी डाग. शेजारी शेजारी, मुठीत धरल्यासारखे.

शेजारच्या काकी दारातूनच म्हणाल्या, "पोरीचीच बोटं हायेत ती. तिला काय तरी पायजे. बग, तुलाच मागतेय."

तेव्हापासून आई शेल्यासमोर बसून राहू लागली. ताटातला भात सुकून जायचा.

आमच्या घरी भुताला जागा नव्हती. बाबा पत्रकं छापून आणायचे आणि मी ती एसटी स्टँडवर वाटायचे. बुवाबाजीवर, हुंड्यावर. डाग निघाला की आई उठेल, असं मी धरून चालले.

रेशीम चोळायचं नसतं. मी खाली जुना पंचा अंथरला आणि रिठ्याच्या कोमट पाण्याने डाग टिपून काढू लागले. मग लिंबाचे थेंब टाकले. भोवतीचं रेशीम पिवळट झालं, डाग होता तसाच राहिला. शेवटी रॉकेलचा बोळा लावला. त्याने थोडी कड विरघळली आणि मी डाग ओळखला. लहानपणी केळफूल सोलताना फ्रॉकवर पडायचा, तोच.

"आई, भूतबित काही नाही. केळीचा चीक आहे हा. लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दिसतही नाही. मागाहून काळा पडतो."

आईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "चीक कुठून आला?"

मला पाठवणी आठवली. मांडवाच्या दाराशी ताज्या तोडलेल्या केळी बांधल्या होत्या. निघताना ताईने त्यातल्या एकीला मिठी मारली होती. "केळ पण सासरी नेतेस काय गं?" असं आत्या म्हणाली आणि सगळा मांडव हसला. खोडाची सोपटं सोलवटून तिच्या हातात आली. आईने तिची बोटं सोडवली, तेव्हा तिने शेला धरला. तोही आईनेच सोडवून घेतला.

आईला हे सगळं माझ्याआधी आठवलं असावं. तिने माझ्या हातातला बोळा काढून घेतला.

"काकी म्हणते तसंच असेल," ती म्हणाली. "तू एकदा म्हण ना, भूतच आहे."

खोलीभर रॉकेलचा वास भरला होता. मला ते म्हणता आलं नाही. ती वाट पाहत राहिली.