इंजिनावरचा घण

परवा नातवाच्या पिठाच्या गिरणीत पट्टा घासून जळका वास सुटला आणि मी दारातच थबकले. निजामाच्या राज्यातली, तलवाड्याच्या आमच्या लोहारकामाच्या पालातली ती सकाळ आठवली.

माझ्या धन्यांनी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातून इंजिनाच्या चाकापट्ट्यावर चालणारा जुना घण विकत आणला होता. तोवर धनी सांडशीत लोखंड धरायचे आणि हातातला घण मी मारायची. तो मारता मारताच माझं पहिलं पोर पोटातच दगावलं होतं. आता पुन्हा पाचवा महिना होता, म्हणून त्यांनी महिनाभर खपून त्या यंत्राचा गंज काढला.

पहिल्याच दिवशी लालभडक फाळावर तो घण पडू लागला, तशी जमीन हादरली. माझ्या पोटातही काहीतरी दचकून हललं. तेवढ्यात धन्यांच्या उपरण्याचा शेव चाकात गेला आणि त्यांची मान घणाकडं ओढली जाऊ लागली.

"पट्टा पाड! आगं, पट्टा पाड!"

मग कशी कोण जाणे, मी पहार उचलली आणि फिरता पट्टा चाकावरून उतरवला. घण त्यांच्या कानाच्या वीतभर वर थांबला.

त्यांनी चाकातून उपरणं सोडवलं. "इकून टाकतो ह्ये."

"न्हाई," मी म्हणाले. "चाकापुढं आडवी फळी ठोका. पर ह्यो आता जायचा न्हाई."

पुढं ते गावभर माझा धीटपणा सांगत फिरले. यंत्राहून मला हातातल्या घणाचं भ्या जास्त वाटलं होतं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.