सुखदेवची शीग

कामरगावच्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर माझ्या दुकानासमोर गाडी उभी करतो ती बहुधा काही तरी मोडलं म्हणूनच. त्यामुळे त्या सकाळी तो खाली उतरून नुसताच उभा राहिला, तेव्हा मी मान वर न करता विचारलं, "काय तुटलं?" तो म्हणाला, "मिस्तरी, तुमचा सुखदेव गेला. काल सांजच्याले. ऊन लागलं त्याले." मी मशीन बंद केलं. वरचा पट्टा थोडा वेळ फिरतच राहिला… त्याच आठवड्यात सुखदेव याच दुकानात, दाराजवळच्या फळीवर बसून माझ्या शिव्या खाऊन गेला होता. त्याला आता दीड महिना होत आला. लोक म्हणतात, लिहून काढ, हलकं वाटेल. वाटत नाही, तरी लिहितो.

आम्ही दोघं कामरगावचे, एकाच आळीतले. तो शेतीत राहिला, मी कारंज्याला येऊन लेथवर हात बसवला आणि पुढे स्वतःचं दुकान टाकलं. आमच्याकडे धान्य मापताना पायली काठोकाठ भरून भागत नाही. वर निमुळता ढीग करायचा आणि दाणे कडेनं ओघळायला लागले की हात थांबवायचा. त्या ढिगाला शीग म्हणतात. शीग सगळेच लावतात, पण सुखदेवचा हात दाणे ओघळू लागल्यावरही थांबत नसे. त्याचे वडील खळ्यावर कपाळाला हात लावून बसत. गावातल्या लग्नात त्याला बुंदीच्या पातेल्यापाशी कोणी उभं राहू देत नसत, कारण पहिल्या पंगतीतच पातेलं रिकामं व्हायचं आणि मग वरमाय त्याला शोधत फिरायची. त्याला कितीही बोला, तो हसून एकच सांगायचा, "घेनाऱ्याचं मन भरलं पाह्यजे." असल्या माणसाचं पोट कसं भरणार, ही काळजी आम्ही बाकीचे करत असू.

पोट भरायला त्यानं संत्र्याची बाग लावली. पहिली दोन वर्षं त्याची बायको सुमित्रावहिनी डोक्यावरून पाणी नेऊन रोपं जगवत होती. मग त्यानं मोटेचे बैल विकले आणि लढाईनंतर लष्करी सामानाच्या लिलावात निघालेलं पाण्याचं इंजिन आणलं. आणून आधी मला दाखवलं असतं तर बरं झालं असतं. आजूबाजूच्या सगळ्यांची इंजिनं बिडाची, ओतीव लोखंडाची, हे मात्र अंगानं जर्मनचं, म्हणजे आपल्या घरातली जर्मनची पातेली असतात त्याच धातूचं. बिडात बोल्ट कितीही आवळा, बीड सोसतं. जर्मन मऊ. त्यात लोखंडी बोल्ट जास्त आवळला की बोल्टाला काही होत नाही, भोकातले आटे मात्र भुगा होऊन बाहेर येतात आणि बोल्ट जागच्या जागी फिरत राहतो. या इंजिनाला गार ठेवणारं पाणी जिथं खेळतं, तिथल्या झाकणाला चार बोल्ट होते. सुखदेव चारही बोल्ट नीट आवळायचा आणि मग पान्याला शेवटचा एक हिसका द्यायचा. त्याला तो शिगेचा म्हणत असे.

पहिल्यांदा आटे घालवून आला तेव्हा मी समजावलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा ओरडलो. "सुख्या, हे बीड नोहे. बोटानं लाव, पान्यानं टेकव अन् सोडून दे."

"सोडून कसा देऊ? शीग लावल्याबिगर उठलो तं हात खाजवते माहा."

दर वेळी मी भोक मोठं करून गेलेले आटे काढून टाकायचो, घासलेट सोडत सोडत जर्मनमध्ये नवे मोठे आटे पाडायचो आणि त्यात पितळेचं बूश बसवायचो. बूश म्हणजे आतून-बाहेरून आटे पाडलेली बोटभर नळी. बोल्ट मग त्या पितळेत बसतो. माझं काम होईपर्यंत सुखदेव बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसा फळीवर बसून असे. काम झालं की पैशांऐवजी सुगीतल्या ज्वारीच्या गोष्टी सांगायचा, आणि सुगीत खरोखर ज्वारी घेऊन यायचा. ती दुकानाच्या दारात मापून द्यायचा आणि सांडलेले दाणे वेचायला रस्त्यावरच्या कोंबड्या जमायच्या.

या वैशाखात तो तिसऱ्यांदा आला. बागेला पहिलाच आंबिया बहार धरला होता, फळं लिंबाएवढी झाली होती. ज्यावर ते झाकण बसतं, तो भाग त्यानं कापडात गुंडाळून आणून माझ्यासमोर ठेवला. एका कोपऱ्यातलं बूश आजूबाजूचं जर्मन घेऊनच बाहेर आलं होतं. मी हात लावला नाही. तिथं आता धातूच उरला नव्हता. नवा भाग कुठं मिळण्यासारखा नव्हता, असली इंजिनं लढाईबरोबरच संपली.

"नाही होत," मी म्हणालो.

तो भांडला नाही. फळीवर बसला आणि हळूच म्हणाला, "पानं मिटू राह्यली. पहाटी बी उघडत नाहीत आता. आनखी दोन दिस पानी नाही मिळालं तं झाड फळ टाकते, अन् मंग झाडबी जाते. तिनं डोक्यावरून पानी नेलं त्याइले… मी घरी काय सांगू?" सुखदेवला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाही तो रडला नाही, पण त्याच्याकडे बघवेना.

मी लागलो कामाला. भोक आणखी मोठं केलं, तेव्हा कडेला भाकरीच्या पापुद्र्याएवढं जर्मन उरलं. आटे पाडताना पाव फेरा पुढं, अर्धा फेरा मागं, असं करत गेलो. मध्येच एकदा बारीक कुरकुर ऐकू आली आणि आम्ही दोघांनी श्वास रोखला. तडा गेला नव्हता. दिवस कलताना बूश बसलं. मग मी त्याचा पाना मागून घेतला, चिमट्यात धरला आणि दांडा अर्ध्यावर कापला. दांडा आखूड की जोर कमी.

"हात तोडला तुनं माहा," तो म्हणाला.

"टेकला का बस्स. या खेपेला शीग लावली तं हा कोपरा कोनाच्यानंच होनार नाही. लावशील काय?"

"नाही."

"असा नाही. आन घे."

अर्धा पाना हातात घेत तो म्हणाला, "बागेची आन, नाही लावनार." कापलेला दांडा माझ्या फळीवर अजून तसाच पडून आहे.

पुढचं सुमित्रावहिनीनं सांगितलं. त्यानं झाकण लावलं, अर्ध्या पान्यानं टेकवलं, इंजिन चालू केलं, आणि त्या कोपऱ्यातून पाणी गळू लागलं. पाणी गेलं की इंजिन तापणार. त्यानं डोक्याचा दुपट्टा सोडला, भिजवून त्या फटीवर बांधला आणि डब्यानं वरून पाणी घालत बसला. इंजिन जोरात सोडता येईना, त्यामुळे सकाळीच आटोपणारं पाणी दुपार टळली तरी चाललेलं. सावली म्हणून वर पळसाच्या चार फांद्या, त्याही वाळलेल्या. वहिनी दोनदा म्हणाली, "जरासा आवळून काहून नाही पाहत?" तो म्हणाला, "आन घेतली बागेची." तिनं डबा मागितला तर तिला पाटाची दारं धरायला पाठवलं, शेवटची रांग कोरडी राहायला नको म्हणून. शेवटच्या रांगेला पाणी पोचल्याचं सांगायला ती आली, तेव्हा तो इंजिनाशेजारी आडवा पडला होता. कांद्याचा रस चोळला, पन्हं पाजलं, मोटार थांबवायला वाटेवर बैलगाडी आडवी उभी केली… त्याला मोटारीत घालायची वेळ आली नाही.

राख सावडून आम्ही परत आलो त्या दुपारी वहिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "भाऊजी, इंजिन पाहता काय? तवापासून पानी नाही बागेले."

मी मळ्यात गेलो. खालच्या रांगांत लिंबाएवढ्या फळांचा सडा पडला होता. दुपट्टा त्या कोपऱ्यावर वाळून कडक झाला होता, तो मी सोडला. इंजिन चालू केलं तसा झाकणाच्या कडेनं थेंब आला, मग धार. अर्धा पाना लावून पाहिला. बोल्ट टेकलेला होता, मी सांगितला होता तेवढाच, केसभर जास्त नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझं ऐकलं होतं. मी पान्यावर हात आवळला आणि एक हिसका दिला, शिगेचा. खरं सांगतो, आटे जावेत असंच मला त्या क्षणी वाटत होतं. ते गेले असते तर सुखदेवसमोर दुसरा रस्ताच नव्हता असं म्हणता आलं असतं, स्वतःला आणि तिलाही. त्या दिवशी ताज्या बसवलेल्या बुशानं हा हिसका सोसला असता की नाही, ते मला कळत नाही, आणि आता कोणालाच कळणार नाही. माझ्या हाताखाली मात्र आट्यांनी धरलं. धारेचा थेंब झाला आणि थेंबही थांबला.

वहिनी मागे उभी होती. तिनं कोरड्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं.

"एवढंच होतं काय, भाऊजी?"

"हो," मी म्हणालो.

माझ्या हातातून अर्धा पाना घेऊन तिनं पदरानं पुसला, पळसाच्या फांदीला अडकवला आणि दारं धरायला निघून गेली. इंजिन त्या दुपारी शेवटच्या रांगेपर्यंत चाललं. त्याच्याजवळ कोणाला बसावं लागलं नाही.