मागची काच

“उद्या सकाळपर्यंत हा वायपर चालला पाहिजे, भाऊ. नाहीतर गाडी जाते.”

बाई गाडीतून उतरता उतरताच बोलल्या. अमरावतीत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं लहानसं वर्कशॉप आहे. गाडी जाते म्हणजे काय, ते मला सोबत आलेल्या त्यांच्या दिरांनी सांगितलं.

“अचलपूरचा माणूस येऊन राह्यला उद्या गाडी पाहायले. मी वयनीले म्हटलं, मागचं दिसत नाई तर कायले चालवता? बस हाये न!”

“अन् मागचं दिसलं तर विकायची नाही, हे कबूल केलं तुमी, भाऊजी.”

“केलं. पन दिसलं पायजे.”

बाई नांदगाव खंडेश्वरकडच्या एका शाळेत शिकवतात. यजमान मागच्या वर्षी गेले. गाडी त्यांची. चार महिन्यांपासून बाई ती स्वतः चालवत होत्या. पावसाळ्यात चाकांनी उडवलेली काळी माती मागच्या काचेवर लिंपल्यासारखी बसते. आठवड्यापूर्वी शाळेच्या फाटकाशी रिव्हर्स घेताना गाडी हापशीच्या ओट्याला लागली. बंपर चिरला, एवढंच. पण त्या ओट्यावर एरवी पोरं पाणी पीत असतात. दीर तेव्हापासून घाबरले होते. माणूस घाबरला की आमच्याकडे आवाज चढवतो, तसा त्यांनी चढवला होता.

पार्टच्या दुकानात विचारून झालं होतं. नवी मोटर नागपूरहून यायला चार दिवस.

मी आधी फ्यूज पाहिला. ठीक होता. बाईंना स्विच फिरवायला सांगितला आणि डिकीच्या दाराला कान लावला. आत बारीक ‘घुं’ असा आवाज.

“बंद करा. लगेच.”

“काहून?” दीर म्हणाले.

“मोटरला करंट मिळतोय, पण फिरता येत नाही. असंच चालू ठेवलं तर जळेल.”

तरीही आतलं कव्हर काढून टेस्ट लॅम्प लावला. टेस्ट लॅम्प म्हणजे दोन टोकांचा लहान दिवा. करंट असला तर पेटतो. झगझगीत पेटला. म्हणजे वायरिंगचा दोष नाही. अडचण मोटरच्या पुढे होती.

वायपरचा हात मोटरच्या दांड्यावर गंजून बसला होता. इथे घाईत हातोडी मारली की काच जाते. पुलर नावाचं हत्यार लावून तो हळूहळू ओढून काढला. तीन बोल्ट सोडून मोटर बाहेर घेतली. तिचा दांडा ॲल्युमिनियमच्या नळीतून बाहेर येतो. वरचं रबर तडकून पाणी आत गेलं होतं, आणि दांडा गंज आणि पांढऱ्या भुकटीत पक्का रुतला होता.

मग मोटर उघडली. आतले कार्बन ब्रश पाहून मी थांबलो. ब्रश म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कोळशाचे लहान तुकडे. मोटर चालते तसे ते झिजतात. गाडी सात वर्षांची होती. ब्रश जवळजवळ नवे होते.

“बाई, हा वायपर कधी चालवलाच नाही?”

बाई म्हणाल्या, “त्यांनी हात लावू दिला नाही. म्हणायचे, कोरड्या मातीवर फिरला की काचेवर ओरखडे पडतात. मी शाळेत निघायच्या आधी रोज ते स्वतः काच पुसून द्यायचे. सोडायलेही तेच यायचे.”

“तापात पन पुसली त्यानं,” दीर म्हणाले. मग ते उगाच टायर पाहू लागले.

 माझ्या ओसरीत बायकोची मोपेड उभी आहे. बायको वारल्यापासून मी रोज सकाळी ती पुसत होतो. चालू एकदाही केली नव्हती.

दांड्यावर तेल सोडलं, थोडी ऊब दिली, लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके मारत राहिलो. तासाभराने दांडा सुटला. बारीक पॉलिश पेपरने तो घासला, ग्रीस भरलं, नवं रबर बसवलं. काचेवर पाणी उडवणारं भोकही चोंदलं होतं. टाचणीने मोकळं केलं. शेवटी मोटर परत बसवून एकदा चालवली आणि बंद केली. ती आपल्या जागी येऊन थांबली की मगच हात बसवायचा, नाहीतर वायपर काचेच्या मधोमध उभा राहतो.

“झालं. चालवून पाहा.”

“थांबा,” दीर म्हणाले. त्यांनी गटाराकडेचा मूठभर चिखल उचलला आणि मागच्या काचेवर चांगला थापला. दुसरी मूठ. तिसरी.

“अहो भाऊजी, सारवून राहिले काय?”

“पाहू द्या मले.”

ते गाडीच्या मागेच उभे राहिले. बाईंनी स्विच फिरवला. आधी पाणी आलं, मग वायपर अडखळत निघाला. पहिल्या फेरीत चिखल नुसता पसरला. पाचव्या फेरीला काचेत पंख्याच्या आकाराची स्वच्छ जागा झाली. बाईंनी आरशात पाहिलं, रिव्हर्स टाकला आणि खिडकीतून डोकं काढलं.

“भाऊजी, बाजूले व्हा. दिसून राह्यले तुमी.”

दीर बाजूला झाले. चिखलाचे हात तसेच, दोन बोटांत फोन धरून त्यांनी अचलपूरला कळवलं, “येऊ नका. गाडी इकायची नाई.”

डिकीतून काढलेलं सामान परत ठेवताना स्टेपनीजवळ धोतराचं एक फडकं सापडलं. मातीने काळं, वाळून कडक झालेलं. मी विचारलं, टाकू का? बाई म्हणाल्या, राहू द्या, धुऊन ठेवते.

मागचा वायपर आठवड्यातून एकदा चालवावा. पाऊस नसला तरी. आधी पाणी, मग वायपर. म्हणजे ओरखडेही पडत नाहीत. हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मोपेडला किक मारली. बॅटरी पार उतरलेली. बऱ्याच किकांनंतर, खूप धूर सोडून ती सुरू झाली. आता दर रविवारी वलगावच्या रस्त्याने थोडं लांब नेऊन आणतो.